मुद्रक द्वाराचा सहवापर

संगणकातील मजकूर कागदावर उमटविण्यासाठी तो मुद्रकाकडे ज्या जोडणीतून पाठविला जातो, तिला मुद्रक द्वार म्हणतात. ‘प्रिंटर पोर्ट’ किंवा ‘पॅरलल पोर्ट’ या नावांनीही ते परिचित आहे. १९८१ पासून सु. वीस वर्षे वैयक्तिक संगणकाच्या मागील बाजूस पंचवीस छिद्रांचे हे द्वार जवळजवळ अनिवार्य होते. एक संगणक व एक मुद्रक एवढ्याच संबंधासाठी त्याची रचना झाली होती. प्रत्यक्षात मात्र एका मुद्रकावर अनेक संगणकांचा आणि एका द्वारावर अनेक उपकरणांचा भार पडत गेला. त्यातून उद्‌भवलेले दोष आणि त्यांवर योजिलेले उपाय हा संगणकाच्या इतिहासातील एक बोधप्रद भाग आहे. महाराष्ट्रात या दोषांना आणखी एक अंग होते. देवनागरी मजकुराचे मुद्रण रोमन मजकुराच्या मुद्रणाहून तांत्रिक दृष्ट्या वेगळ्या रीतीने होत असल्याने सहवापरातील किरकोळ चूकही मराठी कागदपत्राला अवाचनीय करू शकत असे.

उगम : या द्वाराची मूळ कल्पना अमेरिकेतील सेंट्रॉनिक्स या कंपनीच्या मुद्रकांतून आली. रॉबर्ट हॉवर्ड यांच्या या कंपनीने १९७० मध्ये ‘मॉडेल १०१’ हा बिंदुजालक पद्धतीचा मुद्रक बाजारात आणला. अक्षराचे सर्व द्विअंक एकामागून एक न पाठविता स्वतंत्र तारांवरून एकाच वेळी पाठवावयाचे, हे तिच्या जोडणीचे मुख्य तत्त्व होते. म्हणूनच या पद्धतीस समांतर पद्धती म्हणतात. मुद्रकाच्या बाजूस छत्तीस संपर्कांची जोडणी वापरण्यात आली. या जोडण्यांचा शिल्लक साठा वाङ्‌ लॅबोरेटरीज या कंपनीकडे पडून होता व तोच या कामी आला, असे सांगितले जाते. योगायोगाने झालेली ही निवड पुढे कित्येक वर्षे जगभर प्रमाण मानली गेली.

आयबीएम कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला, तेव्हा मुद्रकाच्या बाजूची छत्तीस संपर्कांची जोडणी तशीच ठेवली. संगणकाच्या बाजूस मात्र जागेच्या मर्यादेमुळे पंचवीस संपर्कांची जोडणी घेतली. तेव्हापासून एका टोकास पंचवीस व दुसऱ्या टोकास छत्तीस संपर्क असलेली केबल सर्वत्र रूढ झाली. अनुक्रमी द्वारासाठीही पंचवीस संपर्कांचीच जोडणी वापरात होती. संगणकावरील समांतर द्वारास छिद्रे आणि अनुक्रमी द्वारास खिळे असत, एवढाच दोहोंतील बाह्य भेद होता. अनुक्रमी द्वारातील विद्युत् दाब उणे व अधिक सु. १२ व्होल्टपर्यंत जाई, तर मुद्रक द्वार ५ व्होल्टवर चाले. त्यामुळे रूपांतरक जोडून चुकीच्या ठिकाणी लावलेली केबल द्वाराचे विद्युत् मंडल कायमचे निकामी करू शके.

रचना व कार्य : या द्वारात माहितीच्या आठ तारा, मुद्रकास सूचना देणाऱ्या चार तारा, मुद्रकाकडून स्थिती कळविणाऱ्या पाच तारा आणि उरलेल्या आठ भूसंपर्काच्या तारा असतात. संगणक प्रथम आठ तारांवर एक बाइट मांडतो. नंतर पहिल्या क्रमांकाच्या तारेवर किमान अर्धा मायक्रोसेकंद टिकणारा एक स्पंद देतो. या स्पंदामुळे मुद्रक तो बाइट स्वीकारतो व आपण कामात असल्याचा संकेत अकराव्या तारेवर देतो. पुढील बाइटासाठी मोकळा झाल्यावर तो दहाव्या तारेवर पोच देतो. कागद संपल्याचा संकेत बाराव्या तारेवर, तर दोष असल्याचा संकेत पंधराव्या तारेवर येतो.

ही देवाणघेवाण साधी, स्वस्त व भरवशाची होती. परंतु आलेला बाइट कोणी पाठविला हे सांगणारी कोणतीही खूण तीत नव्हती. एक काम कोठे संपले व दुसरे कोठे सुरू झाले, हेही मुद्रकास कळण्याचा मार्ग नव्हता. येणारा प्रत्येक बाइट एकाच धन्याचा आहे, असे मुद्रक गृहीत धरी. सहवापरातील बहुतेक सर्व दोषांचे मूळ या गृहीतात आहे.

संगणकाच्या अंतर्भागातील सहवापर : मुद्रक बाहेर जोडण्यापूर्वीच वाटणीचा पहिला प्रश्न संगणकाच्या आत उभा राहतो. प्रत्येक द्वारास एक अंतर्गत पत्ता असतो. आयबीएम पद्धतीच्या संगणकांत षोडशमान गणनेतील ३बीसी, ३७८ आणि २७८ असे तीन पत्ते प्रचलित होते. त्यांपैकी ३बीसी हा पत्ता एकरंगी पडद्याच्या कार्डावरील द्वाराचा होता. संगणक सुरू होताच त्यातील मूलभूत आज्ञावली हे तीन पत्ते याच क्रमाने तपासी आणि जे द्वार प्रथम सापडेल त्यास ‘एलपीटी १’, दुसऱ्यास ‘एलपीटी २’ असे नाव देई. म्हणजेच ही नावे द्वारास कायमची चिकटलेली नसत. भारतात १९८० च्या दशकात हर्क्युलिस पद्धतीची एकरंगी पडद्याची कार्डे बरीच वापरात होती व त्यांवर एक मुद्रक द्वारही असे. असे कार्ड काढून रंगीत पडद्याचे कार्ड बसविले की पूर्वीचे ‘एलपीटी २’ आपोआप ‘एलपीटी १’ होई. कोणीही केबल न हलविता मुद्रण बंद पडल्याचा अनुभव येई, त्याचे कारण पुष्कळदा हे असे. दोन कार्डांवरील द्वारे एकाच पत्त्यावर ठेवली गेल्यास दोन्ही एकदम प्रतिसाद देत व कोणतेच धड चालत नसे. कार्डावरील लहान जोडपट्टी हलवून एका द्वाराचा पत्ता बदलणे किंवा ते बंद करणे, हा त्यावरील उपाय होता.

दुसरा प्रश्न व्यत्यय संकेतांचा होता. चालू काम क्षणभर थांबवून आपल्याकडे लक्ष वेधण्यासाठी उपकरण प्रक्रियकाकडे जो संकेत पाठविते, त्यास व्यत्यय संकेत म्हणतात. मूळ संगणकात अशा आठच रेषा होत्या. पहिल्या मुद्रक द्वारास सातवी आणि दुसऱ्यास पाचवी रेषा देण्याचा प्रघात पडला. आयबीएमच्या १९८३ मधील एक्सटी संगणकात पाचवी रेषा चकतीच्या नियंत्रकाने घेतली होती. पुढे १९८९ मध्ये आलेल्या साउंड ब्लास्टर या ध्वनिकार्डाच्या प्रारंभीच्या प्रकारांत सातवी रेषा वापरली जाई. या संगणकांच्या अंतर्गत मार्गावर एक रेषा दोन कार्डांनी एकाच वेळी वापरणे विश्वासार्ह नव्हते.

डॉस प्रणालीत मात्र हा दोष सहसा जाणवत नसे. कारण तीत व्यत्यय संकेताची वाट न पाहता मुद्रक मोकळा आहे की नाही, हे संगणक पुनःपुन्हा तपासून पाही. तोच संगणक ओएस/२ प्रणालीवर किंवा जाळ्यातील मुद्रणसेवेसाठी लावला की मुद्रण अडखळे अथवा पार थांबे. त्यामुळे जुना दोष नव्या प्रणालीचा समजला जाई. जाळ्याच्या आज्ञावलीत व्यत्यय पद्धतीऐवजी तपासणी पद्धती निवडणे किंवा ध्वनिकार्डास दुसरी रेषा देणे, एवढ्यानेच तो दूर होत असे.

एक मुद्रक व अनेक संगणक : भारत सरकारने नोव्हेंबर १९८४ मध्ये जाहीर केलेल्या संगणकविषयक धोरणानंतर वैयक्तिक संगणकांचा प्रसार वाढला. मुद्रक ही त्या काळी स्वतंत्र व मोठ्या खर्चाची बाब होती. साहजिकच दोन-तीन संगणकांत एक मुद्रक ठेवण्याकडे कल होता. यासाठी सर्वांत सोपे साधन म्हणजे फिरत्या खुंटीची पेटी. खुंटी ‘अ’ कडे वळविली की पहिला संगणक व ‘ब’ कडे वळविली की दुसरा संगणक मुद्रकास जोडला जाई. खुंटी दोन स्थानांच्या मध्ये राहिल्यास स्थितिदर्शक तारा अधांतरी राहत आणि कागद असूनही तो संपल्याचा संदेश अनेकदा पडद्यावर येई. काम चालू असताना खुंटी फिरविणे अधिक घातक होते. कारण त्यामुळे अर्धे पाठविलेले काम तुटे व उरलेला भाग दुसऱ्याच्या कामात मिसळे. लेझर मुद्रकांच्या काही निर्मात्यांनी तर अशा यांत्रिक पेट्या न वापरण्याची सूचना दिली होती, कारण संपर्क तुटताना व जुळताना निर्माण होणारे दाबाचे झटके मुद्रकातील नाजूक मंडलांस अपायकारक ठरू शकत.

यावर सुधारणा म्हणून आपोआप वाटप करणाऱ्या इलेक्ट्रॉनीय पेट्या आल्या. ज्या संगणकाकडून माहिती येऊ लागे, त्यास त्या मुद्रक देत आणि ठरावीक सेकंद काहीच आले नाही की काम संपले असे मानून दुसऱ्यास वाट मोकळी करून देत. काहींत स्वतःची स्मृतीही असे. परंतु काम संपल्याचा निर्णय केवळ शांततेवरून घेण्यात धोका होता. संथ संगणक पानाचा पुढील भाग तयार करण्यात गुंतला की पेटी त्यास काम संपल्याची खूण समजे व मध्येच दुसऱ्या संगणकाचा मजकूर घुसे. प्रतीक्षेचा काळ वाढविणे, हा त्यावरील उपाय असला, तरी त्यामुळे इतरांना अधिक वेळ ताटकळावे लागे.

केबलची लांबी हाही एक मर्यादा घालणारा घटक होता. साध्या केबलीवर सु. दोन ते तीन मीटरपलीकडे संकेत विश्वासार्ह राहत नसत. शिवाय स्वस्त केबलींत व पेट्यांत काही तारा गाळलेल्या असत. अशा केबलीवर साधे मुद्रण होई, पण उलट दिशेने माहिती आणणारी उपकरणे चालत नसत. वेगवेगळ्या खोल्यांतील संगणक व मुद्रक निरनिराळ्या विद्युत् जोडण्यांवर असले आणि भूसंपर्क, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातील अर्थिंग, सदोष असले, तर केबल जोडण्याच्या क्षणी द्वाराचे मंडल जळण्याचा संभव असे. जोडणी करण्यापूर्वी दोन्ही यंत्रे बंद करणे व त्यांना एकाच फलकावरून वीज देणे, हा नियम यामुळेच रूढ झाला.

देवनागरी मुद्रण व सहवापर : रोमन अक्षरांचे आकार बिंदुजालक मुद्रकाच्या स्वतःच्या स्मृतीत साठविलेले असतात. एका अक्षरासाठी संगणकाने एक बाइट पाठविला की पुरे होते. ऐंशी अक्षरांच्या ओळीस ऐंशी बाइट लागतात. बहुतेक मुद्रकांच्या स्मृतीत देवनागरी अक्षरे नव्हती. त्यामुळे संगणकास प्रत्येक ओळीचे चित्र बिंदूबिंदूंनी रचून पाठवावे लागे. नऊ सुयांच्या मुद्रकात चित्रपद्धतीने एका फेरीत आठ बिंदूंच्या उंचीची पट्टी उमटते. इंचास ६० बिंदू या दराने आठ इंच रुंदीच्या पट्टीस ४८० बाइट लागतात. शिरोरेषेवरील वेलांट्या व मात्रा, मधले अक्षर आणि खालचे उकार धरता एका ओळीस अशा दोन किंवा तीन पट्ट्या हव्यात. म्हणजे जेथे रोमन ओळीस ८० बाइट पुरत, तेथे देवनागरी ओळीस १,४४० पर्यंत बाइट पाठवावे लागत. मुद्रक अठरापट माहिती स्वीकारण्यात गुंतून राही आणि वाट पाहणाऱ्या संगणकांची रांग तेवढीच लांबे.

वेळेपेक्षा गंभीर प्रश्न चुकीच्या स्वरूपाचा होता. चित्रपद्धतीत संगणक ‘आता इतके बाइट बिंदू म्हणून घ्या’ असे मुद्रकास प्रथम सांगतो व मुद्रक ते मोजून घेतो. रोमन मजकुरात दुसऱ्याचे दहा बाइट मिसळले, तर दहा परकी अक्षरे उमटतात व बाकीचा मजकूर वाचता येतो. देवनागरी चित्रात ते मिसळले, तर परकी अक्षरे बिंदू म्हणून मोजली जातात, मोजणी आधीच संपते आणि उरलेले खरे बिंदू अक्षरे किंवा आज्ञा म्हणून वाचले जातात. त्यांतील एखादी आज्ञा पान पुढे ढकलण्याची निघाली, तर कोरे कागद भराभर बाहेर पडू लागतात. आधीच्या कामाने ओळींमधील अंतर इंचाच्या सहाव्या भागाएवढे ठेवले असेल, तर देवनागरीच्या पट्ट्या एकमेकींपासून दुरावतात व वेलांट्या आपल्या अक्षरांपासून तुटून वर राहतात. चौदाव्या तारेवरील स्वयंचलित ओळबदलाचा संकेत चालू राहिल्यासही असाच परिणाम होतो. यासाठी प्रत्येक मराठी कामाच्या आरंभी मुद्रक मूळ स्थितीत आणण्याची आज्ञा पाठविणे व पट्ट्यांतील अंतर नव्याने ठरविणे आवश्यक ठरले.

देवनागरीसाठी संगणक सिद्ध करण्याचे कार्य भारतात १९८० च्या दशकात झाले. कानपूर येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेत झालेल्या संशोधनातून ‘जिस्ट’ हे तंत्र पुढे आले. पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, ते पुढे विकसित केले. या तंत्राचे कार्ड संगणकात बसविले की मुळात इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉस आज्ञावल्यांतही भारतीय लिप्यांतील मजकूर भरता येई. भारतीय लिप्यांच्या ‘इस्की’ या समान संकेतावलीस १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. ती सर्व ब्राह्मीजन्य लिप्यांस समान असल्याने एका लिपीतील मजकूर दुसरीत दाखविता येई.

प्रशासनातील महत्त्व : महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ मध्ये संमत झाला होता. राज्यकारभार मराठीत चालवावयाचा, तर संगणकातून निघणारा कागदही मराठीत हवा, हे ओघानेच आले. भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र सरकारची योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक रूपात सुरू झाली; त्यांत विदर्भातील वर्धा हा जिल्हा होता. सातबाराचा उतारा हा शेतकऱ्याच्या हक्काचा व कर्जाचा आधार असतो. त्यातील एक आकडा किंवा नावातील एक वेलांटी गळणे ही केवळ मुद्रणाची उणीव राहत नाही. तिच्यातून वाद उभा राहू शकतो.

दूरच्या वनप्रदेशांचा विचार करता या प्रश्नाचे गांभीर्य अधिक स्पष्ट होते. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा जिल्हा अस्तित्वात आला. त्यातील अहेरी तालुक्यात असलेले आलापल्ली हे उत्तम प्रतीच्या सागासाठी प्रसिद्ध असून तेथील ‘वनवैभव’ हे संरक्षित वनक्षेत्र विख्यात आहे. जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणापासून ते सु. १०० किमी. दूर आहे. इमारती लाकडाच्या व्यवहारात प्रत्येक ओंडक्याचा क्रमांक, लांबी व घेर यांची नोंद करावी लागते. लिलावाच्या ढिगांच्या याद्या व वाहतुकीचे परवाने यांच्या अनेक प्रती लागतात. सुयांच्या आघाताने छापणाऱ्या मुद्रकावर कार्बन कागद घालून या प्रती एकदम निघतात, तशा त्या लेझर मुद्रकावर निघत नाहीत. अशा कामास हा मुद्रक स्वभावतःच सोयीचा होता.

या भागात मराठीबरोबर तेलुगू व माडिया गोंडी या भाषा बोलल्या जातात. सिरोंचाकडे तेलुगूचे चलन विशेष आहे. लिप्यांतर करू शकणाऱ्या समान संकेतावलीचे मोल अशा सीमाभागात अधिक असते. मोठ्या शहरात मुद्रक बंद पडला, तर दुरुस्ती करणारा त्याच दिवशी येऊ शकतो. आलापल्लीसारख्या ठिकाणी सुटा भाग वा जाणकार मिळेपर्यंत काम अडून राहते आणि कागदाच्या प्रतीक्षेत असलेल्या माणसाला पुन्हा हेलपाटा घालावा लागतो. म्हणून दोष मुद्रकाचा, केबलचा, द्वाराचा की आज्ञावलीचा, हे जागेवरच ओळखता येणे तेथे विशेष मोलाचे ठरते.

एक द्वार व अनेक उपकरणे : आज्ञावलीची अनधिकृत नक्कल होऊ नये म्हणून तिच्यासोबत एक लहान इलेक्ट्रॉनीय कुलूप देण्याची पद्धत रूढ झाली. ‘हार्डवेअर लॉक’ किंवा ‘डाँगल’ म्हणून ओळखले जाणारे हे कुलूप मुद्रक द्वारावर बसे व त्याच्या पाठीवर मुद्रकाची केबल जोडली जाई. भारतीय भाषांतील अक्षरजुळणीच्या अनेक आज्ञावल्या अशा कुलपांसह विकल्या जात. जिल्ह्याच्या गावांतील छापखाने व साप्ताहिके यांच्या संगणकांवर ती सर्रास दिसत. कुलूप मुद्रकाच्या मार्गात बसत असले, तरी त्यास स्वतंत्र वीजपुरवठा नसे. द्वाराच्या संकेत-तारांतूनच ते लागणारी अल्प वीज घेई. त्यामुळे मुद्रक बंद असला की काही ठिकाणी तारांवरील दाब खाली ओढला जाई व कुलूप ओळखले जात नसे. मुद्रक सुरू करताच आज्ञावली चालू लागे. एकावर एक दोन कुलपे लावल्यास त्यांचा क्रम उलटा करून पाहावा लागे. अधिक वेगाच्या नव्या संगणकावर जुने कुलूप वेळेत प्रतिसाद देऊ शकत नसे.

याच सुमारास मुद्रक द्वार दोन्ही दिशांनी वापरले जाऊ लागले. आयबीएमच्या १९८७ मधील पीएस/२ संगणकांत माहितीच्या तारांवरून उलट वाचन करण्याची सोय होती. पुढे ‘ईपीपी’ व ‘ईसीपी’ या वेगवान पद्धती आल्या आणि १९९४ मध्ये अमेरिकेतील विद्युत् व इलेक्ट्रॉनिकी अभियंत्यांच्या संस्थेने १२८४ क्रमांकाच्या मानकात त्यांचे एकत्रीकरण केले. या मानकातील केबलीची लांबी १० मीटरपर्यंत असू शके. झिप चकतीसारखी साठवणीची उपकरणेही याच द्वारावर बसू लागली. मुद्रक आपली स्थिती स्वतःहून कळवू लागला. परंतु हे उलट संभाषण व कुलपाची चौकशी एकाच वेळी झाल्यास दोन्ही बिघडत. संगणकाच्या मूलभूत मांडणीत जाऊन द्वार पुन्हा साध्या पद्धतीवर आणणे व मुद्रकाचे द्विदिश संभाषण बंद करणे, हे उपाय बहुतेक प्रसंगी लागू पडत. विंडोज एनटी (१९९३) या प्रणालीत आज्ञावल्यांस द्वाराशी थेट व्यवहार करण्यास मनाई होती. तेथे कुलपासाठी वेगळी साहाय्यक आज्ञावली घालावी लागे.

संगणक जाळे व मुद्रणरांग : सहवापराचे अधिक पक्के उत्तर जाळ्यातून मिळाले. नोव्हेल कंपनीची नेटवेअर (१९८३) ही प्रणाली संगणकाच्या ‘एलपीटी १’ कडे जाणारा मजकूर वाटेत पकडून सेवासंगणकावरील रांगेत ठेवी. काम पूर्ण साठल्यावरच ते मुद्रकाकडे जाई; म्हणून दोन कामे एकमेकांत मिसळत नसत. १९९२ मध्ये आलेल्या विंडोज फॉर वर्कग्रुप्समुळे स्वतंत्र सेवासंगणकावाचूनही लहान कचेऱ्यांना मुद्रक वाटून घेता येऊ लागला.

तरीही चित्रपद्धतीच्या मुद्रणास येथे दोन अडथळे राहिले. पहिला अर्थातच काळमर्यादेचा. डॉस आज्ञावल्या काम संपल्याचे स्पष्ट सांगत नसत. मर्यादा अपुरी असली की एकाच कामाचे दोन तुकडे होत. दुसरा अडथळा सहज ध्यानात न येणारा होता. नेटवेअरमधील मूळ योजनेप्रमाणे नवव्या क्रमांकाचा बाइट हा स्तंभ सोडण्याची खूण मानला जाई व त्याच्या जागी आठ मोकळ्या जागा घातल्या जात. इंग्रजी मजकुरास हे सोयीचे होते. देवनागरी चित्रात मात्र तोच बाइट दोन बिंदूंचा निदर्शक असे व त्याच्या विस्तारामुळे सारी मोजणी चुके. विस्तार न करण्याचा पर्याय निवडला की दोष जाई. डॉसमधील नक्कल करण्याच्या आज्ञेने मुद्रणाची फाइल द्वाराकडे पाठविल्यासही असाच घोटाळा होई. ती आज्ञा सव्विसाव्या क्रमांकाच्या बाइटास मजकुराचा शेवट समजून तेथेच थांबे. फाइल द्विमान स्वरूपाची असल्याचे आज्ञेत सांगणे, हा त्यावरील उपाय होता. रोमन मजकूर हाच सर्वसाधारण मजकूर, या गृहीतावर ही साधने उभी असल्याचे या दोन उदाहरणांवरून दिसते.

दोषशोधनाचा क्रम : अनुभवातून या दोषांच्या शोधाची एक सर्वमान्य रीत तयार झाली. प्रथम मुद्रकाची स्वतःची चाचणी घ्यावयाची. मुद्रकाचे बटण दाबून धरून तो सुरू केला की संगणकावाचून तो एक नमुनापान छापतो. ते नीट आले, तर मुद्रक निर्दोष समजावयाचा. नंतर वाटपाची पेटी, कुलूप व इतर उपकरणे काढून एकच संगणक लहान केबलीने थेट जोडावयाचा व साधा इंग्रजी मजकूर छापून पाहावयाचा. तो उमटल्यास द्वार व केबल ठीक आहेत. न उमटल्यास सुरुवातीस पडद्यावर दिसणारे द्वारांचे पत्ते तपासावयाचे. इंग्रजी उमटून देवनागरी बिघडत असेल, तर दोष द्वारात नसून मुद्रकाची निवड, ओळींमधील अंतर किंवा बाइटांचा विस्तार यांत असतो. सर्व काही सुरळीत झाल्यावर काढलेली उपकरणे एकेक करून परत जोडावयाची. ज्या उपकरणानंतर दोष परततो, ते त्याचे उगमस्थान होय. प्रत्येक जोडणीपूर्वी सर्व यंत्रे बंद करणे, हे या क्रमातील अनिवार्य पथ्य आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, या तत्त्वावर ही रीत उभी असल्याने विशेष शिक्षण नसलेल्या कर्मचाऱ्यासही ती पाळता येई.

अस्त व वारसा : १९९६ मध्ये यूएसबी या नव्या जोडणीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीत प्रत्येक उपकरणास स्वतंत्र पत्ता मिळत असल्याने एका मार्गावर अनेक उपकरणे निर्वेध चालतात. मुद्रक द्वारात मुळात नसलेली ओळख तीत अंगभूत आहे. २००० नंतरच्या दशकात नव्या संगणकांवरून मुद्रक द्वार हळूहळू नाहीसे झाले. युनिकोड संकेतावलीत देवनागरीचा समावेश १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासूनच होता. पुढे नित्याच्या संगणक प्रणालींनी तिचा स्वीकार केल्यावर मराठी मुद्रणास वेगळ्या कार्डाची गरज उरली नाही. अनेक प्रती एकदम काढावयाच्या असतात तेथे सुयांचे मुद्रक अद्यापि वापरले जातात.

एक अडचण मात्र द्वाराबरोबर लोप पावली नाही. यूएसबीस जोडावयाचे रूपांतरक मुद्रकास चालतात. परंतु ३७८ सारख्या जुन्या पत्त्यांचे द्वार ते निर्माण करीत नाहीत, त्यामुळे जुनी कुलपे त्यांवर सहसा ओळखली जात नाहीत. १९९० च्या दशकात कुलूपबंद आज्ञावल्यांत जुळविलेली मराठी पुस्तके, अंक व कार्यालयीन कागदपत्रे त्या त्या निर्मात्याच्या खाजगी अक्षरसंकेतांत साठविलेली आहेत. कुलूप हरवले किंवा ते बसविण्याचे द्वारच उरले नाही, तर मूळ आज्ञावली उघडत नाही व मजकूर चकतीवर सुरक्षित असूनही वाचता येत नाही. असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करण्याची साधने उपलब्ध आहेत. मात्र कोणत्या अक्षरसंचात तो जुळविला होता, याची नोंद त्यासाठी हाताशी असावी लागते. ज्या कार्यालयांत व छापखान्यांत जुना संगणक, त्याचे मुद्रक द्वार व कुलूप चालू स्थितीत जपलेले आहे, तेथे हे रूपांतर अधिक सुकर होते. या दृष्टीने जुन्या द्वाराच्या दोषनिवारणाचे ज्ञान आता मुद्रणापुरते मर्यादित न राहता दप्तरजतनाच्या शास्त्राचा एक भाग बनले आहे.